सात रविवार, सात कवी : उन्हाळी वाचनाच्या प्रकल्प नोंदी

बुधवार, २ एप्रिल २०२५, भुसावळ

पाडव्याला मस्कतहून ताईचा फोन आला, तेव्हा बोलण्याबोलण्यात हे ठरलं. तिच्या मुलीला उन्हाळाभर मराठी कविता वाचायच्या आहेत. ती चौदा वर्षांची. घरात मराठी बोलते, शाळेत हिंदी असल्याने देवनागरी वाचता येते, पण मराठी पुस्तक हातात घेतलेलं नाही. तिकडे मराठी पुस्तकं सहज मिळत नाहीत आणि इथून टपालाने पाठवायची तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त. म्हणून अट एकच : जे वाचायचं ते इंटरनेटवर फुकट आणि रीतसर मिळालं पाहिजे.

आम्ही पाचजण आहोत. आई, मी, ताई, तिची मुलगी आणि पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला दादाचा मुलगा. दर रविवारी रात्री ९ वाजता फोनवर भेटायचं, म्हणजे मस्कतला साडेसात. २७ एप्रिलपासून ८ जूनपर्यंत सात रविवार येतात. तेव्हा सात कवी. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे तिला ऐकवायचं. ऐकवायचं असलं की मजकूर स्वच्छ लागतो, हे मी वर्गात वीस वर्षं शिकवताना पाहिलेलं आहे.

रविवार, ६ एप्रिल

सगळ्यांकडून नावं मागवली. ताईला इंदिरा संत आणि बोरकर हवे होते, भाच्याला कुसुमाग्रज. तिघांचीही नावं खोडावी लागली आणि मला ते जड गेलं. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. बोरकर १९८४ मध्ये गेले, त्यांची कविता २०४५ उजाडल्यावर मोकळी होईल. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०६०. इंदिराबाई २००० मध्ये, म्हणजे २०६१. यंदाच्या हिशेबाने १९६४ संपेपर्यंत जे कवी गेले, तेवढेच आमचे.

पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांचं साहित्य मोकळं व्हायची वेळ आली तेव्हा ती ६० केली गेली. भा. रा. तांबेही १९४१ मध्येच गेले, त्यामुळे आपल्या तांब्यांची कविताही आपोआप दहा वर्षं थांबली. ही जोडी माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

बुधवार, ९ एप्रिल

शाळेतल्या एका सहकाऱ्याने प्रेमाने एक पीडीएफ पाठवली. आजच्या काळातल्या एका कवीचा संपूर्ण संग्रह, कुणीतरी मोबाइलने पानन्‌पान फोटो काढून केलेला. मी वाचली नाही आणि गटात टाकली नाही. कवितासंग्रहाच्या आवृत्त्या मुळात लहान असतात, त्यातून कवीच्या हाती येतं ते किती. तो संग्रह मी वाचनालयातून आणीन. सहकाऱ्याला तसं सांगितलं, त्याला पटलं.

रविवार, १३ एप्रिल

पहिलं नाव केशवसुत, यावर वाद नव्हता. पण ‘तुतारी’ गटात टाकायची म्हणून शोधली आणि तिथेच दिवस गेला.

चार ठिकाणी चार वेगवेगळ्या तुताऱ्या सापडल्या. एका ठिकाणी पहिली ओळ ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ अशी आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘आणूनी’. वरवर बघता फरक एका उकाराचा आणि एका वेलांटीचा. पण मात्रा मोजून बघितल्या : ऱ्हस्व अक्षराची एक; दीर्घ, अनुस्वाराच्या किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन. एक ३, तुतारी ५, द्या २, मज २, आणुनि ४ : एकूण १६ मात्रा. खालची ओळ ‘फुंकिन मी जी स्वप्राणाने’ : ४, २, २ आणि ८, म्हणजे १६. वरच्या ओळीत ‘आणूनी’ केलं की १८ होतात, आणि मोठ्याने म्हणताना पाऊल अडखळतं. ज्याने कुणी ती ओळ टंकली त्याला ‘आणुनि’ चुकीचं वाटलं असणार, म्हणून त्याने शाळेत शिकलेल्या नियमाने दुरुस्त केलं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर आपण शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहायला शिकलो, तो हात तसाच चालला. पण ही कविता १८९३ ची आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ हा तिचा ताल आहे.

शेवटी इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर जुन्या छापील पुस्तकाचं स्कॅन उघडलं आणि त्यावरून स्वतः टंकलं. जुने अनुस्वार तसेच ठेवले. ‘स्वप्राणानें’ वरचा टिंब भाचीला वाचायला अडचण करणार नाही, आणि करत असेल तर मी सांगीन.

आज निवडीची कसोटी बदलली. कवी किती थोर ते पाहायचं नाही, ते सगळे थोरच आहेत. ज्याचा शब्द त्याचाच म्हणून हातात येईल, तोच घ्यायचा. नाहीतर कवितेच्या फुकट मजकुराला काही अर्थ नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

स्कॅन शोधण्याबद्दल, पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून. अर्काइव्हवरची बरीचशी मराठी पुस्तकं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या जुन्या प्रकल्पातून आलेली आहेत. त्यांची नावं रोमन लिपीत आणि वेडीवाकडी नोंदवलेली आहेत. त्यामुळे देवनागरीत शोधून हाती काही लागत नाही. कवीचं आडनाव तीन-चार स्पेलिंगांनी टाकून बघावं लागतं. ‘कविता’ आणि ‘काव्य’ हेही शब्द वेगवेगळे टाकायचे. पुस्तकाची फाइल मोठी असते, वाय-फाय नसेल तर उतरवू नये, तिथेच पान उलटून वाचावं.

विकिस्रोत, म्हणजे विकिपीडियासारखंच लोकांनी मिळून चालवलेलं मोफत ग्रंथालय, जास्त सोयीचं. तिथे एका बाजूला छापील पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर असतो. एका माणसाने ताडून बघितलं की पान पिवळं होतं, दुसऱ्या माणसाने पुन्हा बघितलं की हिरवं. मी हिरव्या पानावर डोळे मिटून विश्वास ठेवते, पिवळ्यावर एकदा नजर टाकून. न तपासलेल्या पानावर मात्र ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ झालेला सापडतो, कारण ते यंत्राने वाचलेलं असतं.

शनिवार, १९ एप्रिल

यादी पक्की : केशवसुत, बालकवी, बहिणाबाई, बी, सावित्रीबाई फुले, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई हे दांपत्य, मर्ढेकर.

गोविंदाग्रज गाळले याचं ताईला फार वाईट वाटलं. ‘राजहंस माझा निजला’ तिला पाठ आहे. पण ती मूल गेल्याची कविता भाचीला पहिल्याच उन्हाळ्यात द्यावीशी मला वाटेना. तांबे गाळले कारण त्यांची गाणी ती ऐकत आलेली आहे. लता मंगेशकरांचा आवाज इतका कानात बसला आहे की तिथे वाचायला जागा उरत नाही. माधव जूलियनांची ‘गज्जलांजलि’ पुढच्या वर्षी, फारसी शब्दांचा अर्थ लावायला वेळ ठेवून.

सात जागांत बसवायचं म्हटलं की कुणीतरी राहतंच.

रविवार, २७ एप्रिल : केशवसुत

पहिली बैठक. ४३ अंशांचा दिवस, रात्री नऊलाही भिंती गरम. ‘तुतारी’, ‘आम्ही कोण?’ आणि ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ घेतल्या. भाचीने शेवटची वाचली. सावकाश, एकेक अक्षर लावत. ती थांबली आणि तिने विचारलं, “मावशी, हे त्यांनी कधी लिहिलं?” १८८८, म्हटलं. ती मग गप्प झाली. कवी तेव्हा बावीस वर्षांचा होता, हेही मी तिला सांगितलं.

भाच्याने मात्र ‘तुतारी’ अशी म्हटली की आई उठून बसली.

सोमवार, ५ मे : बालकवी

बैठक काल झाली, नोंद आज लिहिते आहे, त्याला कारण आहे.

आईच्या डोळ्यांच्या तपासणीला आज जळगावला जायचं होतं. भुसावळहून जळगावला जाताना मध्ये भादली लागतं. ५ मे १९१८ ला याच स्टेशनाजवळ रुळांवर बालकवी गाडीखाली सापडले. सत्तावीस वर्षांचे होते. धरणगावला जन्मलेले, आमच्याच जिल्ह्यातले. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं तेव्हा ते पुरते सतरा वर्षांचेही नव्हते. मी या मार्गावरून रोज शाळेला जाते, पण भादली कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

आज बघितलं. पॅसेंजर दोन मिनिटं थांबली. ऊन फलाटावर पांढरं पडलं होतं, दूरवर केळीच्या बागा, पलीकडच्या रुळावरून मालगाडी जात होती, आणि आईने न विचारता माझा हात धरला. काल रात्री आम्ही ‘औदुंबर’ वाचली होती. आठ ओळींची कविता. सात ओळी झरा, गाव, शेतमळे, पायवाट, डोह असं सगळं दाखवतात, आणि आठवीत तो औदुंबर पाण्यात पाय सोडून बसलेला दिसतो. काल भाचीने ‘निळासावळा’ आधी ‘निला-सावला’ असं वाचलं. हिंदीत ‘ळ’ नाही, तिची जीभ वळत नव्हती. आईने तिला तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा नीट आलं, आणि तो झरा खरोखर वाहायला लागला. ‘ल’ने तो वाहत नव्हता.

गाडी सुटली तेव्हा आई म्हणाली, “पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.” एवढंच. स्टेशन मागे गेलं.

डॉक्टरांनी ऑपरेशन जूनअखेर करू म्हणून सांगितलं.

गुरुवार, ८ मे

बहिणाबाईंच्या तयारीला लागले. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये निघाली. कवी गेल्यानंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, म्हणून ही गाणी २०१३ पासून मोकळी. पण त्याच पुस्तकातली आचार्य अत्र्यांची प्रस्तावना मोकळी नाही. अत्रे १९६९ मध्ये गेले, ती २०३० पासून. एकाच पुस्तकात दोन हिशेब असू शकतात, हे कुणी फारसं बघत नाही. म्हणून गाणी गटात टाकली, प्रस्तावना टाकली नाही. ती आईच्या कपाटातल्या पुस्तकात आहे, घरी वाचू.

इंटरनेटवरची गाणी बघितली आणि वाईट वाटलं. ‘जसा तवा चुल्ह्यावर’चं ‘चुलीवर’ केलेलं. ‘फिरी येतं पिकांवर’चं ‘फिरून येते पिकावर’. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात बोलत गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी ते उतरवून घेतलं, म्हणून ते राहिलं. त्यांच्या तोंडचा शब्द कागदावर येईपर्यंत जपला गेला, आणि आता आपण तो प्रमाण मराठीत घालून गुळगुळीत करतो आहोत. एक एक ओळ आईच्या पुस्तकाशी ताडली. तीन संध्याकाळी लागल्या.

रविवार, ११ मे : बहिणाबाई

आजची बैठक आईची होती.

आई यावल तालुक्यातली. लेवा बोली तिची माहेरची भाषा, पण लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आल्यावर तिने ती आवरून ठेवली. आम्हा भावंडांशी ती पुस्तकी बोलायची. आज मी ‘मन वढाय वढाय’ वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला ती म्हणाली, “थांब. असं नाही.” मग ती स्वतः म्हणायला लागली. वाचता येत नाही, तेव्हा सगळं आठवणीतून. ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.’ ‘फिरी’ म्हणताना तिने हाताने ढोर हाकलल्यासारखं केलं, आणि ते ढोर वळून परत आल्यासारखा हात मागे आणला. ‘फिरून’ म्हटलं की नुसती बातमी कळते. ‘फिरी’त ते ढोर मान वळवतं.

मग ती ‘धरित्रीच्या कुशीमध्ये’ म्हणायला लागली आणि ‘बीयबियानं’ला भाचीने विचारलं, “आजी, बीय म्हणजे?” बी गं, बियाणं. आमच्याकडे डोळ्याला डोये म्हणतात, केळीला केयी. मागच्या रविवारी जिला ‘ळ’ येत नव्हता तिला आज आजी सांगत होती की आमच्या माहेरी ‘ळ’ नव्हताच, आम्ही ‘य’ म्हणायचो. पोरगी इतकी खूश झाली. दोघी पाऊण तास ‘ळ’चे शब्द ‘य’ने म्हणत बसल्या. तिकडे साडेआठ वाजून गेले तरी ताईने फोन ठेवला नाही. ताई रडत होती. मीही. आईला आम्ही दोघींनी असं बोलताना लहानपणी मामाकडे ऐकलं होतं, त्यानंतर आज.

मी ध्वनिमुद्रण करून ठेवलं आहे. नऊ गाणी.

रविवार, १८ मे : बी

नारायण मुरलीधर गुप्ते, टोपणनाव ‘बी’. ‘चाफा बोलेना’ आणि ‘माझी कन्या’. नेट सारखं जात होतं, बैठक अर्ध्यात संपली. ‘माझी कन्या’ भाच्याला आवडली, ‘चाफा’ कुणालाच नीट उलगडली नाही. मलाही पूर्ण उलगडते असं मी म्हणणार नाही, तरी ती मला लागते.

सोमवार, २६ मे : सावित्रीबाई फुले

आज पाऊस मुंबईत पोचला, मे महिन्यातच. काल रात्री इथेही वाऱ्यासकट आला. दिवे गेले, आम्ही मेणबत्तीत बसलो. फोनची बॅटरी होती तेवढ्यात बैठक झाली.

‘काव्यफुले’ १८५४ चं. सावित्रीबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या. केशवसुतांचा जन्मही झाला नव्हता. आधुनिक मराठी कविता केशवसुतांपासून असं मी वर्गात सांगत आले. ते रचनेच्या दृष्टीने खरं असलं तरी त्यांच्या जन्माच्या आधी बारा वर्षं एक शिक्षिका छापील पुस्तकातून मुलींना शिकण्यासाठी जागं करत होती, हे मी त्याच दमात सांगायला हवं होतं. आता सांगेन. त्यांचं समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं आहे आणि मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावर वाचायला मिळतात, त्यामुळे मजकुराची चिंता नव्हती.

भाचीने या वेळी स्वतः कविता निवडली, ‘पिवळा चाफा’. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “मागच्या वेळचा बोलत नव्हता ना, हा बोलतो का बघते.” दोन चाफ्यांमध्ये ऐंशी वर्षांचं अंतर आहे : हा १८५४ चा, आणि ‘बीं’ची ‘फुलांची ओंजळ’ १९३४ ची. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. हे मला सुचलं नसतं.

रविवार, १ जून : रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई

‘केवढे हे क्रौर्य!’ आईला शाळेपासून पाठ. ‘क्षणोक्षणी पडे, उठे, परि बळे, उडे बापडी’. जखमी पक्षिणी कशी उठते-पडते ते त्या पृथ्वी वृत्ताच्या तुटक्या शब्दांतून दिसतं, आणि आईने म्हणताना ते तसंच दिसलं. लक्ष्मीबाईंनी पतीच्या मागे त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य पुरं केलं, त्यातली थोडी पानं वाचली. बालकवी या घरात मुलासारखे राहिले होते, हे सांगितल्यावर भादलीची गोष्ट पुन्हा निघाली.

रविवार, ८ जून : मर्ढेकर

हे शेवटी ठेवले होते, कठीण म्हणून. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांची कविता २०१७ पासून मोकळी. त्यांचा जन्म फैजपूरचा, आईच्या माहेरापासून काही मैलांवर. आईला हे माहीत नव्हतं. “आपल्याकडचा?” तिने दोनदा विचारलं.

भाच्याने आदल्या दिवशी फोन केला होता : “आत्या, तू पाठवलेल्यात टायपो आहे. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ असं आहे. ‘ओल्या पिपात मेले उंदीर’ असायला पाहिजे ना?” त्याला म्हटलं, तूच मोज. त्याने मोजलं. पिपांत ४, मेले ४, ओल्या ४, उंदिर ४. सोळा. ‘उंदीर’ केलं की सतरा. आणि ‘ओल्या’? ते पिपापासून तोडून उंदराच्या अंगाला चिकटवलं आहे, व्याकरण मोडून. त्या ओळीत ओलेपणा पिपाचा राहत नाही, उंदरांवर येतो. बैठकीत हे त्यानेच सगळ्यांना समजावलं. ‘आणुनि’पासून ‘उंदिर’पर्यंत तीच एक ऱ्हस्व वेलांटी, फक्त मधे पन्नासएक वर्षं.

आईला कविता आवडली नाही. पूर्ण ऐकली आणि म्हणाली, “फार दुःखाची आहे, पण खोटी नाही.” पुन्हा एकदा वाचायला लावली.

शनिवार, १४ जून

सोमवारी शाळा सुरू. आईचं ऑपरेशन २७ ला ठरलं आहे.

भाचीने मागच्या आठवड्यात विकिस्रोतावर खातं काढलं. ताईने विचारून परवानगी दिली. एका जुन्या काव्यसंग्रहाची दोन पानं तिने छापील चित्राशी ताडून तपासली. एका ओळीत यंत्राने ‘घन’चं ‘धन’ केलं होतं, ते तिने पकडलं. दुसऱ्या ओळीत ‘येउनि’ होतं, ते तिने दुरुस्त केलं नाही. फोन करून विचारलं, “मावशी, हे मी असंच ठेवू ना?”

दोन्ही पानं आता पिवळी आहेत. दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय ती हिरवी होत नाहीत. वह्या-पुस्तकांना कव्हर घालून झाली की आज रात्री मी बसते.